मीटरवर बारा, गाडीचे बारा

पंप नवाकोरा होता आणि डॅशबोर्डवरचा दिवा जुनाच होता. गाडी हायब्रिड. मालकांनी आठवड्यापूर्वीच दुसरीकडे तिच्या इन्व्हर्टरचा कूलंट पंप बदलून घेतला होता. बिल भरून बाहेर पडले आणि चार-पाच किलोमीटर जात नाहीत तोवर तोच इशारा पुन्हा समोर. आता ते भोसरीच्या बाजूच्या एका छोट्या गॅरेजात लाकडी स्टुलावर बसले होते. मी माझ्या स्कूटरच्या हॉर्नसाठी तिथे गेलो होतो, तो हॉर्न विसरून बघत उभा राहिलो.

गॅरेजच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी बॉनेट उघडलं, पंपाचा कनेक्टर सोडवला आणि त्याच्या सप्लायच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला. आकडा आला १२.४. म्हणजे वीज पोचतेय. वीज पोचतेय आणि पंप फिरत नाही, तर दोष पंपाचाच, असं कुणीही म्हणालं असतं. आधीच्या ठिकाणी बहुधा असंच म्हटलं गेलं होतं.

अण्णांनी ड्रॉवरमधून ब्रेकलाइटचा एक जुना बल्ब काढला. २१ वॅटचा, बुडाशी दोन वायरी डाग देऊन जोडलेला. मीटर तसाच ठेवून त्यांनी त्याच पिनांवर बल्ब लावला. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला आणि मीटरवरचा आकडा धाडकन ५ वर आला. बल्ब काढला, पुन्हा १२.४. लावला, पुन्हा ५.

"अण्णा, मीटर बिघडलाय का?" गाडीच्या मालकांनी विचारलं.

"मीटर बरोबर आहे, साहेब. त्याला मगाशी काही उचलायलाच लावलं नव्हतं."

या एका वाक्यात इलेक्ट्रिक गाड्यांची निम्मी दुरुस्ती सामावलेली आहे, हे मला घरी जाऊन कागद-पेन्सिल घेतल्यावर कळलं.

मुठीएवढ्या पंपाचं एवढं काय?

जुन्या पेट्रोल-डिझेल गाडीत पाण्याचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू तर पंप चालू, इंजिन बंद तर पंप बंद. हायब्रिड गाडी मात्र सिग्नलला थांबली की इंजिन बंद करते, आणि हलक्या हाताने निघाली तर नुसत्या विजेवर निघते. इंजिन झोपलेलं असतानाही तिच्या पोटातला एक डबा तापत असतो. तो डबा म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरीतली एकदिश वीज घेऊन तो मोटरला लागणारी तीन फेजची प्रत्यावर्ती वीज तयार करतो. त्यासाठी त्याच्या आतले अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात.

हे काम इन्व्हर्टर फार काटकसरीनं करतो, तरी दोन-चार टक्के वीज उष्णता होऊन वाया जातेच. मोटर ५० किलोवॅटची आहे आणि तीन टक्के वीज वाया जाते असं धरलं, तर ती उष्णता झाली १,५०० वॅट. म्हणजे जवळजवळ बाथरूममधला गीझर. फरक इतकाच, की गीझरची उष्णता बादलीभर पाण्यात पसरते आणि इन्व्हर्टरची नखाएवढ्या काही चिपांमधून बाहेर पडते. अशा चिपच्या एका चौरस सेंटिमीटरातून शंभर वॅटच्या घरात उष्णता निघू शकते. घरातल्या इस्त्रीच्या तळातून तेवढ्याच जागेत निघते पाच-सहा वॅट. कपडे जाळू शकणाऱ्या इस्त्रीच्या जवळजवळ वीसपट, आणि तरीही या चिपला साधारण १५० ते १७५ अंशांच्या वर जायची मुभा नाही.

ही उष्णता वाहून नेण्याचं काम करतं मिनिटाला आठ-दहा लिटर फिरणारं कूलंट. गणित सोपं आहे. मिनिटाला दहा लिटर पाणी फिरतंय आणि त्यात १,५०० वॅट उष्णता पडतेय, तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातला फरक दोन अंशांहून थोडा जास्त. बोट बुडवून कळणारही नाही. आता पंप थांबवा. चिपांखालच्या पोकळीत अर्धा लिटर पाणी अडकून पडलंय असं समजा. ते दर सेकंदाला ०.७ अंशांनी तापतं, मिनिटाला चाळीस अंशांहून अधिक. त्या पाण्याला आधीच साठ अंशांची सुरुवात असेल, तर घाट चढताना किती वेळ हाताशी राहतो ते ज्याचं त्यानं मोजावं. म्हणून गाडीचा संगणक चिप जळायची वाट बघत नाही. आधी मोटरची ताकद उतरवतो, दिवा लावतो, आणि गाडी लंगडत बाजूला घ्यायला लावतो.

ज्याच्या फिरण्यावर हे सगळं टांगलेलं आहे तो पंप मुठीत मावतो आणि हेडलाइटच्या एका बल्बाइतकीही वीज न खाता भागवतो. गाडीत शेकडो व्होल्टची बॅटरी असते, पण हा पंप चालतो जुन्या ओळखीच्या १२ व्होल्टवर.

ज्याला डोळे नाहीत असा पंप

हा पंप उघडून पाहिला तर पहिली गंमत ही, की बाहेरून आत जाणारा दांडाच नसतो. पाणी ढकलणारं चाक आणि त्याला चिकटलेला चुंबक, दोन्ही कूलंटमध्ये पूर्ण बुडालेले. तांब्याची वेटोळी कोरडी, बाहेरच्या बाजूला. मधे प्लॅस्टिकची पातळ भिंत. पाणी भिंत ओलांडू शकत नाही, चुंबकीय बल मात्र आरपार जातं. दांडा नाही म्हणून दांड्याभोवतीचं सील नाही, आणि सील नाही म्हणून ते झिजून गळायची भानगडही नाही. आतल्या बेअरिंगला तेल लागत नाही, कूलंटच वंगणाचं काम करतं. त्यामुळेच हा पंप कोरडा फिरवला की काही वेळातच स्वतःला खाऊन टाकतो.

दुसरी गंमत जास्त खोल आहे. चुंबक फिरवायचा तर तो आत्ता कुठे आहे हे कळायला हवं, तरच योग्य वेटोळ्यात योग्य क्षणी वीज सोडता येईल. यातल्या बऱ्याच पंपांत त्यासाठी वेगळा सेन्सर नसतो. आतली चिमुकली सर्किट पाटी तीनपैकी दोन वेटोळ्यांत वीज सोडते आणि तिसऱ्या रिकाम्या वेटोळ्याला कान लावून बसते. चुंबक समोरून गेला की त्या वेटोळ्यात विद्युतदाब उमटतो, तोच मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेला परिणाम. त्या हुंकारावरून पाटी ओळखते की चुंबक कुठवर आलाय. पण चुंबक स्थिर असेल तर हुंकार कुठून येणार? म्हणून सुरुवातीला पाटी चुंबकाला अंदाजानं एक धक्का देते, मग ऐकते. उत्तर आलं तर वेग वाढवते. आलं नाही तर थांबते, क्षणभरानं पुन्हा धक्का.

या धक्क्याला बऱ्यापैकी करंट लागतो. सप्लाय नेमका त्याच क्षणी कोसळला तर पाटी स्वतःच बंद पडते. करंट थांबला की सप्लाय पुन्हा १२ वर, पाटी जागी, पुन्हा धक्का, पुन्हा कोसळणं. अण्णांनी पंप परत जोडून मला त्यावर बोट ठेवायला सांगितलं तेव्हा आत हेच चाललं होतं. ठराविक अंतरानं बारीक टुक्‌, टुक्‌. पंप मेलेला नव्हता, तो उभं राहायचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा बसत होता.

मीटरला का दिसलं नाही?

डिजिटल मल्टिमीटरची सगळी कर्तबगारी ही, की तो सर्किटमधून जवळजवळ काहीच घेत नाही. त्याच्या आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. बारा व्होल्टवर त्यातून वाहतो एका अँपियरचा दहा लाखावा भाग. मापन अचूक यावं म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे, आणि इथे तोच गुण आडवा येतो.

अण्णांच्या बल्बाचे आकडे घेऊन बघू. पाच व्होल्टवर असा बल्ब साधारण एक अँपियर करंट ओढतो. वाटेत ७ व्होल्टच्या वर हरवले, म्हणजे वाटेत कुठेतरी सात ओहमचा रोध लपलेला आहे. आता याच सात ओहममधून मीटरचा तो दशलक्षांश अँपियर पाठवा. हरवतो एका व्होल्टचा जेमतेम लाखावा भाग. ज्या मीटरला व्होल्टचा शंभरावा भाग कसाबसा दिसतो, त्याला हे दिसणं शक्यच नाही. त्यानं १२.४ सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं. कुणी काही मागत नव्हतं तोवर तिथे १२.४ होतेच.

नळाला पाणी येतं की नाही हे नळ बंद ठेवून ओळखता येत नाही. पाइप गाळानं बुजलेला असला तरी बंद नळामागे दाब पूर्णच असतो. तोटी उघडली की करंगळीएवढी धार पडते. अण्णांचा बल्ब म्हणजे उघडलेली तोटी. आपल्याकडे म्हणतातच, सोयरा अडीअडचणीला कळतो. वायरीचंही तसंच, तिच्याकडे काही मागितल्याशिवाय तिची खरी ऐपत कळत नाही.

जमाखर्च

वाटेत सात व्होल्ट हरवतात हे कळलं, पण वाट लांब आहे. बॅटरीचं प्लस टोक, फ्यूज, रिले, तिथून पंपापर्यंतची वायर, पंप, मग अर्थिंगची वायर, बॉडीवरचा बोल्ट आणि बॅटरीचं मायनस टोक. चोर यांतल्या कुठल्याही घरात असू शकतो.

अण्णांनी बल्ब पेटताच ठेवला आणि मीटरनं एकेक तुकडा मोजायला घेतला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं रिलेच्या बाहेर पडणाऱ्या पिनेला: ०.१ व्होल्ट. म्हणजे फ्यूज आणि रिले निर्दोष. रिलेपासून पंपाच्या कनेक्टरपर्यंत: ७.१. बल्बावर: ५.०. अर्थिंगच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ०.२. बेरीज करा. ०.१ अधिक ७.१ अधिक ५ अधिक ०.२ बरोबर १२.४. पैसा न पैसा जुळला.

हे जुळणं म्हणजे गुस्ताव किर्खोफचा नियम. १८४५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विद्यार्थी असतानाच त्यानं तो मांडला: सर्किटमध्ये एक फेरी मारून आलात तर विद्युतदाबाची जमा आणि खर्च समान असलीच पाहिजे. त्याआधी १८२७ साली गेओर्ग ओहमनं दाब, करंट आणि रोध यांचं नातं छापून ठेवलं होतं. मोटारगाडी जन्माला यायच्या कितीतरी आधीचे हे दोन नियम. आजच्या हायब्रिड गाडीतला चोर पकडायला त्यांच्यापलीकडे काही लागलं नाही.

आता चोराचं घर ठरलं होतं, रिले ते पंप. अण्णांनी ती वायर चिमटीत धरून कनेक्टरपासून मागे बोटं सरकवत नेली. वरचं काळं आवरण कुठे फाटलं नव्हतं, चिरलं नव्हतं, उंदरानं कुरतडलंही नव्हतं. पण कनेक्टरपासून वीतभर अंतरापर्यंत वायर नेहमीसारखी लवत नव्हती. सुकलेल्या देठासारखी ताठ झाली होती. त्यांनी ब्लेडनं आवरण उभं चिरलं. आत तांब्याच्या चकचकीत तारांऐवजी हिरवी-काळी भुकटी होती. ती फुंकल्यावर तीन-चार केसांएवढ्या तारा शाबूत दिसल्या.

समईची वात

बाहेरून धड असलेली वायर आतून कशी सडली? उत्तर आधीच्या पंपात होतं, जो एव्हाना भंगारात गेला होता. त्याच्या प्लॅस्टिकच्या भिंतीला कुठेतरी केसाएवढी चीर गेली असणार. कूलंट पाझरून कनेक्टरपर्यंत आलं. गाडीतली वायर म्हणजे एक जाड तार नसते, अनेक बारीक तारांचा पीळ असतो. तारांमधल्या फटींत पाणी केशाकर्षणानं शिरतं, समईच्या वातीतून तेल चढतं तसंच. वरून आवरण असल्यामुळे ते वाळतही नाही. कुणाला दिसत नाही, कुठे थेंब पडत नाही. कधी कधी हे पाणी वायरीतून चढत थेट संगणकाच्या कनेक्टरपर्यंत पोचल्याची उदाहरणंही मेकॅनिक लोकांच्या माहितीची आहेत.

ओलाव्याच्या जोडीला विजेचा दाब आला की काम आणखी वेगानं होतं. मुलामा देण्याच्या कारखान्यात प्लसकडच्या धातूच्या पट्टीतून धातू विरघळून द्रावणात उतरतो. ओल्या कनेक्टरात तोच प्रयोग आपोआप सुरू होतो आणि बळी जातो प्लसकडच्या तांब्याचा. म्हणून सडली ती प्लसची वायर. अर्थिंगची शेजारीण जवळजवळ धडधाकट राहिली.

जुना पंप खरोखर खराब झाला होता. तो बदलणंही योग्यच होतं. पण जाताना तो आपला आजार वायरीत ठेवून गेला, आणि नव्या पंपाच्या नशिबी ती वायर आली. वायर न तपासता तिसरा पंप बसवला असता, तरी दिवा गेला नसता.

कोड म्हणजे फिर्याद

मधल्या वेळात अण्णांच्या हाताखालच्या मुलानं स्कॅनर लावून कोड वाचला होता: पी०ए९३. याचा अर्थ, इन्व्हर्टरच्या थंड करण्याच्या यंत्रणेचं काम समाधानकारक नाही. यात पंप खराब आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. याच घराण्यातले दुसरे कोड बघा. पी०ए०५ म्हणजे पंपाच्या नियंत्रणाचं सर्किट तुटलेलं, पी०ए०६ म्हणजे त्यातला दाब नको इतका कमी, पी०ए०७ म्हणजे नको इतका जास्त. हे तिघे विजेबद्दल तक्रार करतात आणि पी०ए९३ परिणामाबद्दल. कोड ही फिर्याद असते, निकाल नव्हे. तपास करावाच लागतो.

आणि फिर्यादीला सगळं दिसलेलं असतं असंही नाही. बहुतेक गाड्यांत कूलंट प्रत्यक्ष वाहतंय की नाही हे मोजणारं यंत्रच नसतं. संगणकाला दिसतं ते तापमान, आणि फार तर पंपानं सांगितलेला स्वतःचा वेग. त्यावरून तो पाण्याचा अंदाज बांधतो.

जगभर या विषयाचा धडा दिला तो टोयोटा प्रियसनं. २००३ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीत इन्व्हर्टरचा पंप साधा दोन तारांचा होता. गाडी चालायला तयार झाली की तो सतत फिरायचा. त्यामुळे त्याची पहिली तपासणी विलक्षण सोपी होती. गाडी तयार स्थितीत ठेवायची, इन्व्हर्टरच्या कूलंटच्या छोट्या टाकीचं झाकण उघडायचं आणि आत बघायचं. पाणी घुसळत असेल तर पंप जिवंत, आरशासारखं शांत असेल तर गडबड. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोयोटानं जगभरातून सुमारे २७ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांतल्या सुमारे ६ लाख ३० हजार हायब्रिड गाड्यांचं कारण हा पाण्याचा पंप होता. पंप बंद पडू शकत होता, आणि क्वचित प्रसंगी त्याच वेळी वीजपुरवठ्याचा फ्यूजही उडून चालत्या गाडीची हायब्रिड यंत्रणा थांबू शकत होती. एका फ्यूजवर अनेक संसार असले की एकाच्या भांडणात सगळ्यांच्या घरात अंधार होतो. म्हणून उडालेला फ्यूज बघून नुसता नवा घालू नये. आधी पंपाचा कनेक्टर सोडवावा, मग फ्यूज घालावा. आता तो टिकला, तर संशय कनेक्टरच्या पलीकडे, म्हणजे पंपावर. तरीही उडाला, तर वाटेतल्या वायरीवर किंवा त्या फ्यूजवरच्या इतर कुणावर.

पंप बोलतो, ऐकायला यावं लागतं

पुढच्या काळातल्या पंपांना तिसरी तार आली, हुकूम घेणारी. संगणक तिच्यावर वीज झपाट्यानं चालू-बंद करतो. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, या प्रमाणातून वेगाचा हुकूम कळतो. इथे मल्टिमीटर वेगळ्या तऱ्हेनं फसवतो. निम्मा वेळ १२ आणि निम्मा वेळ शून्य असा संदेश असेल, तर तो सरासरी काढून ६ दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटतं दाब पडलाय. खरं रूप बघायला ऑसिलोस्कोप लागतो. त्याच्या पडद्यावर तो संदेश किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा सरळ उभा-आडवा दिसतो. चर्यांचे कोपरे गोल झाले किंवा तळ शून्याला टेकेना, की समजावं वाटेत ओलावा किंवा गंज आहे.

काही पंप याच तारेवरून उलट उत्तरही देतात. अडचण आली की पंप ती तार काही ठराविक क्षण शून्यावर दाबून धरतो. किती वेळ दाबली यावरून कोरडा चाललोय, अडकलोय की तापलोय हे संगणकाला कळतं. आणखी नव्या गाड्यांत लिन नावाची एकेरी तार असते, तिच्यावर अनेक यंत्रं पाळीपाळीनं बोलतात. त्यांतल्या एकाचं जरी तोंड अडकलं तरी सगळ्यांचं बोलणं बंद, आणि निष्पाप पंपावर कोड येतो. बऱ्याच पंपांना एक समंजस सवयही लावलेली असते. हुकुमाची तार तुटली तर ते थांबत नाहीत, पूर्ण वेगानं फिरत राहतात. थंडगार सकाळी पंप उगाच जोरात घोंघावत असेल, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्याला कुणाचं काही ऐकू येत नाहीये.

मला सगळ्यात थक्क केलं ते करंटच्या आकड्यानं. वायरीभोवती नुसता चिमटा लावून करंट मोजता येतो, काही सोडवावं लागत नाही. निरोगी पंप आपला ठरलेला करंट घेतो. आत काही अडकलं तर आकडा चढतो. पण तो नेहमीपेक्षा बराच खाली आला तर? तर पंपात बहुधा पाणीच नाही, हवा आहे. हवा पाण्यापेक्षा जवळजवळ आठशेपट हलकी, तिला ढकलायला मेहनत लागत नाही. म्हणजे बाहेरच्या तारेवर विजेचा आकडा वाचून पाइपाच्या आत अडकलेला हवेचा बुडबुडा ओळखता येतो. कूलंट बदलल्यावर हवा नीट काढली नाही की हा बुडबुडा हमखास राहतो. अशा वेळी पंप, वायर, फ्यूज सगळं उत्तम असतं आणि दिवा तरीही लागतो.

गाडी बंद, पंप चालू

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत असे दोन-तीन पंप असतात. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-अवरची बॅटरी द्रवानं थंड केलेली होती, आणि आता चाकणच्या पट्ट्यातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांतही हीच व्यवस्था घरोघरी पोचते आहे. रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीतून येणारी बारीक घुंघुं अनेकांना कोड्यात टाकते. गाडी बंद असते, पण बॅटरीत वीज भरतानाही उष्णता निर्माण होते आणि पंप आपली पाळी करत असतो.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा तर नुसता रेडिएटर पुरत नाही. रेडिएटर पाण्याला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही आणि बॅटरीला पंचेचाळीस अंशांचं पाणी म्हणजे ताप. मग एसीचा गारवा उसना घेऊन कूलंट थंड केलं जातं. तो गारवा बॅटरीपर्यंत नेणारा हमाल शेवटी तोच, मुठीएवढा पंप.

हे वाचून कुणाला स्वतः बॉनेट उघडावंसं वाटेल, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. नारिंगी आवरणाच्या केबलींना हात लावायचा नाही. त्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्येही बॅटरी २०१.६ व्होल्टची होती आणि इन्व्हर्टर तो दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवायचा. गाडी बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरांत ही वीज काही मिनिटं दबा धरून बसते. ते काम प्रशिक्षित माणसाचं, रबरी हातमोजे घालूनच करायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. बल्बाची परीक्षा फक्त सप्लाय आणि अर्थिंगच्या तारांवर घ्यायची, हुकुमाच्या तारेवर कधीच नाही, कारण त्या ओझ्यानं संगणकाच्या आतला नाजूक भाग जळू शकतो. आणि बल्ब जुन्या पद्धतीचा, तापणाऱ्या तारेचाच हवा. एलईडी इतकी कमी वीज घेते की मीटरसारखीच तीही फसते.

अण्णांनी सडलेली वायर लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापली, वीतभर नवी जोडली, वरून आवरण तापवून घट्ट बसवलं. बल्ब लावला तर डोळ्यांना टोचेल इतका पांढरा पेटला आणि मीटरवर १२.१. मग पंप जोडला. आधी एक टुक्‌, आणि त्यामागून अखंड बारीक गुणगुण. टाकीच्या झाकणाखाली गुलाबी कूलंट भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. गाडीचे मालक ते वाकून बघत राहिले. गेल्या आठवड्यात जे पैसे गेले त्यातला पंप आज पहिल्यांदा चालत होता.

तुमच्या गाडीचा थंडाव्याचा दिवा लागला, तर आधी गाडी बाजूला घ्या, दामटू नका. आणि गॅरेजमध्ये कुणी मीटर दाखवून म्हणालं की सप्लाय बरोबर आहे, पंपच बदलावा लागेल, तर खिशात हात घालण्याआधी एवढंच विचारा: "बल्ब लावून पाहिलंत का?"